उद्घाटनाची गोळी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. निवृत्त माणसानं राग सोडून द्यावा म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी बहुधा कधी कुणाचा जबाब घेतलेला नसतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळचा सांगलीकडचा. एम.एस. करायला टेक्सासला आलो, काही वर्षं प्लेनोतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसलो, आणि नागरिकत्व मिळालं त्या वर्षी ती नोकरी सोडून जवळच्या एका काउंटीच्या शेरीफ ऑफिसात भरती झालो. आपल्याकडच्या ग्रामीण पोलीस ठाण्यासारखंच हे काम. गुरं चोरीला गेली, नवरा-बायकोची जुंपली, हायवेवर ट्रक उलटला, की आम्ही. आमच्या मराठी मंडळींच्या हे कधी गळी उतरलं नाही. "पोलिसाची पोरं इंजिनिअर होतात, हा इंजिनिअर होऊन पोलीस झाला," असं एका काकूंनी माझ्या तोंडावर ऐकवलं होतं. मी हसलो होतो. पुढं गुन्हे तपासात गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. या हकिकतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

स्पर्धा होती शिकाऱ्यांसाठी. रायफलची स्पर्धा म्हटलं की लोकांना कागदावरचे गोल आणि मधला काळा ठिपका आठवतो. ही तशी नव्हे, ही रानातली. कुरणातून आणि झाडीतून चालत जायचं, ठरलेल्या जागी थांबायचं. समोर कुठंतरी रानडुकराच्या नाहीतर हरणाच्या आकाराची लोखंडी पाटी उभी असते. अंतर कुणी सांगत नाही. कधी गुडघ्यावर बसून, कधी झाडाला पाठ टेकून, कधी नुसतं उभ्यानं नेम धरायचा, आणि गोळी एकच. नेम चुकला तर जनावर जखमी होऊन रानात तडफडत पडतं. ते होऊ नये म्हणून हरणांचा मोसम सुरू व्हायच्या आधी शिकाऱ्यांनी हात बसवून घ्यावा, एवढा साधा हेतू.

ही कल्पना एका नागपूरच्या पोराची. पोरगा म्हणजे तिशीतला, प्लेनोत सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. त्याला मी संयोजक म्हणतो. व्हिसावरच्या माणसाला इथं बंदूक बाळगायची तर शिकारीचा परवाना असावा लागतो. त्यानं रीतसर कोर्स करून तो काढला होता, आणि कोर्स शिकवणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकन रँचमालकाचा तो लाडका झाला होता. त्याचं बघून आयटीतली आणखी मराठी पोरं शिकारी झाली. म्हाताऱ्यानं स्पर्धेला जमीन दिली, मांडणी संयोजकाची. संयोजकाचा एकच हट्ट असायचा. प्रत्येक पाटीच्या मागं मातीचा उंच बांध पाहिजे. म्हणून पाट्या ओढ्याच्या खोलगट काठाला लावायच्या. नेम हुकला तरी गोळी मातीत जाते. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाच्या पुढं पाटी कधी लावायची नाही. तिथून हुकलेली गोळी कुठवर जाईल ते कुणीच सांगू शकत नाही.

पहिली दोन वर्षं पोरांनी हे गुपचूप आणि नीट केलं. तिसऱ्या वर्षी मराठी मंडळानं स्पर्धा आपल्या पंखाखाली घेतली. बॅनर आलं, पोहे आले, समिती आली.

त्या शनिवारी सकाळची हजेरी संपवून मी आदल्या दिवशीचं बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण सिस्टीमवर चढवत बसलो होतो. हे काम कुणालाच आवडत नाही. तेवढ्यात कंट्रोलचा कॉल आला. म्हाताऱ्याच्या टेकडीपलीकडच्या, शेजारच्या रँचवर एक माणूस छातीत गोळी लागून पडला होता. तो तिथला कामगार, मेक्सिकोहून आलेला, चाळिशीचा. गुरांच्या पाण्याची टाकी दुरुस्त करत होता. मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता आणि पाना अजून हातात होता. त्याची बायको एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिला निरोप द्यायला मीच गेलो. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

टाकीपाशी उभं राहून टेकडीकडे पाहिलं तर माथ्यावर, मोकळ्या आभाळापुढं, रानडुकराची लोखंडी पाटी दिसत होती. ही स्पर्धेच्या पहिल्या जागेची पाटी. टेकडी ओलांडून गेलो, तर तिकडे मंडळाची माणसं घोळका करून उभी होती. संयोजक एका पिकअपच्या मागच्या फळीवर बसला होता.

"पाट्या कुणी मांडल्या?" मी विचारलं.

"मांडणी माझी, सर."

"मग ही वर कशी गेली?"

त्यानं एकदा मंडळाच्या अध्यक्षांकडे पाहिलं. "काल संध्याकाळी मी खाली ओढ्यात लावली होती," एवढं म्हणाला आणि मग त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली.

घटनास्थळाचा पंचनामा झाला, जबाब सुरू झाले. समितीतल्या प्रत्येकानं सांगितलं की स्पर्धा सुरू व्हायची होती, चार-पाच जण प्रॅक्टिसचे शॉट मारत होते, कुणाची गोळी ते कळायला मार्ग नाही, आणि पाट्यांचं सगळं संयोजकच बघत होता. गोळी शरीरातून आरपार गेली होती आणि खूप शोधूनही सापडली नाही. त्यामुळे ती कुठल्या बंदुकीची हे जुळवता येईना. राहिला प्रश्न पाटीचा. संयोजक स्वतःच म्हणत होता की मांडणी माझी. आदल्या संध्याकाळी पाटी खाली होती हे म्हाताऱ्या रँचमालकानंही सांगितलं, पण सकाळी ती वर होती, आणि पाट्यांना हात लावणारा माणूस एकच असं सगळ्यांचे जबाब म्हणत होते. सरकारी वकिलांनी विचार केला आणि निष्काळजीपणानं मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपाखाली संयोजकाला अटक झाली. जामीन लगेच मिळाला. पण व्हिसावरच्या माणसाला असल्या आरोपात शिक्षा झाली तर तुरुंग आणि त्यानंतर हकालपट्टी. त्याच्या कंपनीनं तेवढीही वाट पाहिली नाही. अटकेची बातमी कळताच त्याला काढून टाकलं.

मला ते जबाब पहिल्यापासून खटकत होते. खरी माणसं एकच अपघात दहा तऱ्हांनी सांगतात. कुणी म्हणतं आवाज मोठा होता, कुणी म्हणतं मला ऐकूच आला नाही. सगळे एकाच चालीत बोलू लागले की समजावं, माझ्याआधी यांची बैठक झाली आहे. शिवाय म्हातारा शेवटच्या पाटीपाशी उभा होता आणि त्यानं एकच आवाज ऐकला होता. चार-पाच जण प्रॅक्टिस करत होते तर बाकीचे आवाज गेले कुठं? आणि फोनवर चित्रण कुणाकडेच नव्हतं. आमच्या लोकांनी पोह्यांचे फोटो काढले होते आणि बंदुकीचा एकही नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

अटकेनंतरच्या सोमवारी ठाण्याच्या फोनवर एक निरोप रेकॉर्ड झालेला सापडला. पुरुषाचा आवाज, इंग्रजी बोलणं, पण उच्चार आपल्याकडचे. "पहिली गोळी कुणी मारली ते विचारा," एवढंच. नंबर दडवलेला.

मी जबाबांचा गठ्ठा पुन्हा काढला. माझा सहकारी टेक्सासचाच, हुशार अधिकारी. त्याला त्यात काही वावगं दिसेना. लोक जमले, नाश्ता केला, स्पर्धा सुरू व्हायची होती. मला मात्र तिसऱ्यांदा वाचताना दिसलं. मराठी मंडळाचा कार्यक्रम, आणि सुरुवात नुसती अशीच? प्रास्ताविक नाही, स्वागत नाही, नारळ नाही, पाहुण्यांचा परिचय नाही? या देशात इतकी वर्षं काढली, आमच्या मंडळाची कॅरमची स्पर्धासुद्धा प्रमुख पाहुण्यांनी पहिली सोंगटी मारल्याशिवाय सुरू झालेली मी पाहिली नाही. म्हाताऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्यांनी पहिल्या जागेवर खुर्च्या मांडल्या होत्या. मी विचारलं, रानात खुर्च्या कशाला? तर म्हणाले, पाहुण्यांसाठी." मी सहकाऱ्याला म्हणालो, उद्घाटन झालंय आणि ते जबाबातून गाळलंय. त्याला उद्घाटन म्हणजे काय ते समजावण्यात माझी अख्खी कॉफी गार झाली.

संयोजकाला बोलावलं. आमची चौकशीची खोली मुद्दाम गार ठेवलेली असते. तो जॅकेट न घालताच आला होता. त्याचा वकील शेजारी बसला होता, तोही मराठीच. हक्क वाचून दाखवले आणि मग वकिलाच्या परवानगीनं मराठीत विचारलं.

"उद्घाटन कुणी केलं रे?"

तो दचकला. मान खाली गेली.

"तू तेव्हा कुठं होतास?"

"गेटवर, सर. गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून प्रत्येक गाडीमागं गेट लावावं लागतं. कॉम्पिटिटर्स येत होते, मी त्यांना आत घेत होतो. शॉट ऐकला आन धावत आलो. मी तर रेंज ओपनच नव्हती केली."

"पाटी कुणी वर नेली? गोळी कुणी मारली?"

"सर, ते सांगतील ना."

"कोण ते?"

"मी नाव नाही घेणार. मी इथं आलो तेव्हा त्यांच्याच घरी राहिलो. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला रातोरात तिकीट काढून दिलं. ते मला वडिलांसारखे आहेत, सर."

"वडील पोराला असं अडकू देत नाहीत."

"त्यांना शॉक बसला असंल. थोडा टाइम द्या. ते स्वतःहून येतील. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

वकिलानं कपाळाला हात लावला. नोकरी गेली होती, डोक्यावर खटला होता, आणि हा मला दुसऱ्यासाठी वेळ मागत होता. मला त्याचा भयंकर राग आला. पोलीस ठाण्यात फार पाजी माणसं पाहिली, पण इतका भाबडा माणूस समोर आला की काय करावं सुचत नाही.

आता तोंड उघडणारा दुसरा कुणी शोधायला हवा होता. नोकरीत शिकलेली एक गोष्ट सांगतो. आपल्या कार्यक्रमात जिथं एकाला मान मिळतो तिथं दुसऱ्याचा हुकलेला असतो, आणि तो दुसरा सगळं पाहत असतो. घरी जेवताना मी बायकोला विचारलं, "सध्या मंडळात रुसलंय कोण?"

"अहो, रुसलेत ते माजी अध्यक्ष," ती लगेच म्हणाली. "त्यांना प्रमुख पाहुणे करतो म्हणून आधी सांगितलं आणि मग काकांना बोलावलं. पोह्यांना हातसुद्धा लावला नाही, कार्यक्रम होताच निघून आले म्हणे. पण तुम्हाला कशाला हवंय?"

काका म्हणजे कोण ते मला विचारावं लागलं नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी हात दिला होता. मोठी कंपनी, मोठं घर आणि खरंच मोठं मन. मीसुद्धा त्यांना काकाच म्हणायचो.

माजी अध्यक्षांनी मला दिवाणखान्यात बसवलं, चिवडा पुढं केला.

"फोन तुम्ही केलात," मी म्हणालो.

"साहेब, माझं नाव नाही ना येणार कुठं?"

"येईल. कोर्टात यावं लागेल. बोला."

ते बोलले, आणि सुरुवात कुठून केली? "खरं म्हणजे पहिला मान माझा होता. मला इन्व्हाइट करून कॅन्सल केलं. तेही व्हॉट्सॲपवर!" यावर ते बराच वेळ बोलले. मेलेला माणूस त्यांच्या बोलण्यात फार उशिरा आला.

झालं होतं ते असं. समितीला काकांच्या हस्ते पहिली गोळी झाडून उद्घाटन करायचं होतं. काकांनी जन्मात बंदूक धरलेली नव्हती. पाटी ओढ्यात, खुर्च्यांवरून दिसेना. अध्यक्ष म्हणाले, पाहुणे मारणार आणि लोकांना दिसणार नाही, याला काय अर्थ? फोटोत तरी यायला पाहिजे. संयोजक गेटवर होता. अध्यक्षांनी दोघांना घेऊन पाटी उचलली आणि टेकडीच्या माथ्यावर नेऊन उभी केली. मग काकांना शाल दिली, नारळ दिला, आणि अध्यक्षांनी आपली भरलेली रायफल त्यांच्या हातात ठेवली. काकांनी गोळी झाडली. पाटी वाजली नाही. गोळी वरून गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या," माजी अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंच नाही हो. मी कमिटीत कुठं आहे?"

मी चिवड्याला हात न लावता उठलो. यांचा मान हुकला नसता तर रायफल यांच्या हातात आली असती, आणि आज हे समितीतल्यांसारखेच गप्प बसले असते. हे मी त्यांना तोंडावर बोललो. त्यांना राग आला. येऊ दे.

जबाब हातात आल्यावर अध्यक्ष फार टिकले नाहीत. चौकशीच्या खोलीत आधी म्हणाले, "साहेब, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मंडळाची इतक्या वर्षांची इज्जत आहे." मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे चौकशीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार. माणूस ती शांतता भरून काढायला बोलत सुटतो. अध्यक्षही बोलले, आणि जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"आम्ही त्याचा विचार केला होता हो. अगदी बसून डिस्कस केलं. काकांचं वय पाहा, त्यांचं आख्खं आयुष्य इथं गेलं. याचं काय, यंग आहे, व्हिसावर आहे. आज ना उद्या परत जायचाच होता. नागपूरला आईवडील आहेत, तिकडे जॉब मिळेल. सगळ्यात कमी नुकसान त्याचं होणार होतं. आणि आम्ही त्याला चांगला वकील करून देणार होतो ना!"

"त्याला विचारलंत?"

"त्याला काय विचारायचं? तो काकांसाठी काहीही करेल."

हे त्यांना अचूक ठाऊक होतं. पोराचा चांगुलपणा त्यांनी हिशेबात धरला होता. मी रागानं टेबलावर हात आपटला. बावीस वर्षांच्या नोकरीत मी चौकशीत कधी टेबलावर हात आपटला नव्हता, आणि माझ्या सहकाऱ्यानं नंतर मला त्याबद्दल सुनावलं.

काका दुसऱ्या दिवशी आले, वकील घेऊन. मी त्यांना काय हाक मारावी कळेना, शेवटी काकाच म्हणालो. सहकाऱ्यानं हळूच विचारलं, हे तुझे सख्खे काका का? मी म्हणालो, हे इथं सगळ्यांचेच आहेत. काका खचलेले दिसत होते. "गोळी कुणाचीही असू शकते, असं मला सांगितलं रे सगळ्यांनी," ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय तिथं कुणी झाडली होती का, काका?"

त्यांनी वकिलाकडे पाहिलं. मग "नाही" म्हणाले आणि डोळे पुसले. त्यांना दुःख झालं होतं यात शंका नाही. पण त्या दुःखानं त्यांना त्यांच्या घरापासून आमच्या ठाण्यापर्यंत आणलं नव्हतं. माजी अध्यक्षांच्या जबाबानं आणलं होतं.

पुढचं कोर्टाचं. अध्यक्ष आणि काका दोघांनी गुन्हा कबूल केला, दोघांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. मंडळानं काकांच्या घरी माणसांची रीघ लावली. धीर द्यायला, डबे पोचवायला. मेलेल्या माणसाच्या घरी मी तीनदा गेलो, मला मंडळातला एकही माणूस तिथं भेटला नाही. त्याच्या बायकोनं मला विचारलं, स्पर्धा सुरू झालेली नव्हती तर गोळी कशासाठी मारली? मी माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, एका माणसाचा मान राखायला. तिला वाटलं माझं स्पॅनिश चुकलं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मला आता मंडळाची निमंत्रणं येत नाहीत. माझ्यामुळे काकांची तब्येत बिघडली असं तिथं बोललं जातं. बोलोत. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की खरं बाहेर यायला चांगली माणसं लागतात हा समज खोटा आहे. तिथं चांगली माणसं भरपूर होती आणि सगळी गप्प होती. मला खरं सांगितलं ते मान न मिळाल्याच्या रागानं, आणि मी ते मुकाट्यानं लिहून घेतलं, कारण दुसरं कुणी देत नव्हतं.

संयोजकावरचा आरोप मागे घेतल्याचं सांगायला मी त्याच्या अपार्टमेंटवर गेलो. नोकरी गेल्यावर व्हिसावर राहायला मिळते ती मुदत संपत आली होती. आरोप डोक्यावर असताना दुसरी नोकरी त्याला कोण देणार? तो बॅगा भरत होता. मी बातमी सांगितली. मला वाटलं, बसेल, रडेल, निदान घरी फोन करील. त्यानं हातातला शर्ट तसाच धरून विचारलं, "काका स्वतःहून आले ना, सर?"

खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पण सगळं कोर्टाच्या कागदांवर आलं होतं. आज ना उद्या त्यानं वाचलंच असतं.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्यानं सांगितल्यावर आले. वकील घेऊन."

त्यानं शर्टाची घडी केली, बॅगेत ठेवला, पुन्हा काढला आणि पुन्हा घडी केली. "बरं," म्हणाला. मग मला विचारलं, चहा घेणार का. मी हो म्हणालो. आम्ही उभ्यानंच चहा प्यायलो, कारण खुर्च्या त्यानं विकून टाकल्या होत्या. निर्दोष असल्याचा कागद मी त्याच्या हातात दिला होता. त्याला हवं होतं ते दुसरंच काही होतं, आणि ते मिळवून देणं माझ्या अधिकारात नव्हतं.